अपडेट अर्धवट राहिल्यावर संगणकांतील दप्तरांचा उद्धार

ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि मुलुंड येथील आमच्या संगणकांत विंडोजचें अपडेट बसत होतें तें अर्धवट राहिलें. वीज आल्यावर यंत्र सुरू होई व क्षणांत पुन्हां बंद पडे. त्यांत मोडी कागदांच्या प्रतिमा होत्या. मूळ कागद मालकांस परत केलेले, व त्यांपैकीं कांहीं पुढें वाळवीनें खाल्लेले. तेव्हां या प्रतिमा हेंच कित्येकांचें एकमेव साधन उरलें होतें.

अपडेट म्हणजे यंत्र चालविणाऱ्या जुन्या फाइलींच्या जागीं नव्या बसविणें. मध्यें खंड पडला कीं कांहीं जुन्या, कांहीं नव्या राहून मेळ बिघडतो. आपलीं कागदपत्रें मात्र निराळ्या फोल्डरांत असतात. त्यांस बहुधा धक्का लागत नाहीं. वाड्याचा दरवाजा अडकला म्हणून आंतील रुमाल नष्ट झाले असें होत नाहीं. यास्तव नियम एकच : आधीं नक्कल, मग दुरुस्ती. घाईनें विंडोज नव्यानें घातल्यास जुन्या मजकुराच्या जागेवरच नवा मजकूर लिहिला जाण्याचें भय असतें.

१. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून बिघडलेलें यंत्र त्यावरून सुरू करावें. लिनक्स आंत बसवूं नये. नुसतें वापरून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्याव्या.

२. डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असल्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते.

३. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करून जाणत्याच्या हातीं द्यावें.

४. नक्कल झाल्यावरच दुरुस्तीस लागावें. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले कीं विंडोजचा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथें शेवटचें अपडेट काढून टाकण्याची सोय आहे. रिसेट हा अखेरचा उपाय समजावा. त्यांत फाइली राखण्याचा पर्याय निवडला तरी आपण बसविलेले प्रोग्राम जातात.

नक्कल मूळ प्रतीशीं ताडून पाहिल्यावांचून पोथी सोडूं नये, हा आपला जुना शिरस्ता येथेंही पाळावा. फाइलींची संख्या व आकार जुळवावे, आणि शक्य तितक्या उघडून पाहाव्या. आम्हीं तसें केलें तेव्हां दोन प्रतिमा अर्ध्याच निघाल्या. एकीचा मूळ कागद मालकाकडे होता, त्याची प्रतिमा पुन्हां घेतली. दुसरीचा कागद वाळवीनें आधींच नेला होता. त्या पत्राचा उत्तरार्ध आतां कोठेंच नाहीं.

संग्राहकांनीं प्रत्येक प्रतिमेच्या दोन नकला निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून दप्तरांत बांधावी, आणि यूपीएस जोडल्याशिवाय अपडेटास हात लावूं नये, इतकीच आमची विनंति आहे.