कोलॅजेनचे स्थैर्य आणि कषाय रस

त्वचा, स्नायू, कंडरा, तरुणास्थी व अस्थी यांना बळकटी देणारे कोलॅजेन हे मानवी शरीरातील सर्वांत विपुल प्रथिन होय. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे न भरणारा व्रण, आखडलेला सांधा किंवा रक्त येणाऱ्या हिरड्या घेऊन येणारा रुग्ण अनेकदा याच प्रथिनाची व्यथा सांगत असतो. म्हणून त्याच्या स्थैर्याचा विचार आपण करावयास हवा.

कोलॅजेनची तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी उलगडली. या पेडांतील प्रोलीनचे शरीर हायड्रॉक्सिप्रोलीनमध्ये रूपांतर करते. हा बदल न झाल्यास पेड सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच सुटतात; झाल्यास ते देहाच्या उष्णतेत टिकतात. या क्रियेस क जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी स्कर्व्हीत हिरड्या सैल होतात व जखमा भरत नाहीत. ताज्या आमलकीचे महत्त्व येथे सहज ध्यानी येते.

दुसरा बदल आपल्याच जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. वर्ध्याजवळील नालवाडी येथे १९३० नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालविले. बाभळीची साल व हिरडा यांनी कातडे कमावण्याची कला भारतात फार जुनी आहे. कच्चे कातडे पाण्यात ६० ते ६५ अंशांच्या सुमारास आकसते. सालीने कमावलेले त्याहून १० ते २० अंश अधिक सोसते. टॅनिन कोलॅजेनच्या पेडांना परस्परांशी बांधते, हे त्याचे कारण. चरकाचार्यांनी कषाय रसास संग्राही, रोपण व स्तंभन म्हटले आहे. त्रिफळा क्वाथाने व्रण धुताना पृष्ठभागावर होणारे आकुंचन याच्याशी जुळते.

मात्र येथे सावध राहावयास हवे. पोटात घेतलेले मोठ्या रेणूंचे टॅनिन आहे तसे फारसे शोषले जात नाही; आतड्यातील जंतू त्याचे विघटन करतात. तेव्हा हिरड्याने सांध्यातील कोलॅजेन ‘कमावले’ जाते, असा दावा आम्ही करू नये. जिवंत धातूला तसे स्थैर्य हितकरही नाही; व्रण भरताना जुने कोलॅजेन मोडून नवे घडावे लागते.

याची साक्ष मधुमेहात मिळते. रक्तातील वाढलेली शर्करा कोलॅजेनला हळूहळू चिकटते व कालांतराने त्याचे तंतू जखडते. त्वचेतील कोलॅजेनचे सरासरी आयुष्य वर्षांत मोजले जाते, त्यामुळे हा दोष साचत जातो. तंतू टणक होतात, सांधे आखडतात. येथे स्थैर्य हाच विकार ठरतो.

म्हणून पायाच्या व्रणावर क्वाथ योजण्यापूर्वी रक्तशर्करा तपासावी, पायाची संवेदना व नाडी पाहावी, आणि काळेपणा, दुर्गंधी वा ज्वर आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. देहाने स्वतः घडविलेले स्थैर्य आणि बाहेरून लादले गेलेले स्थैर्य यांतील भेद ओळखणे, हेच वैद्याचे कौशल्य होय.