बाटलीकडून आईकडे

दवाखान्यात दहा दिवस बाटलीवर राहिलेले बाळ देऊळगाव राजास आजोळी आले. पण पदराखाली घेताच आकांत करी. "हिला दूधच नाही गं!" शेजारणींनी निकाल दिला. बाळंतिणीचे डोळे भरून आले.

भगिनींनो, दोष कोणाचाच नव्हता. बाटलीतले दूध आपोआप ओघळते. अंगावर मात्र बाळाला तोंड मोठे उघडून ओढावे लागते, पान्हा फुटेपर्यंत थांबावे लागते. बाळ जितके ओढील, तितके दूध वाढते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली, ती अशक्त बाळांनाही आईचेच दूध मिळावे म्हणून.

घरी काय करावे? भूक अनावर होण्यापूर्वी बाळाला उघड्या छातीशी धरावे, दोन थेंब ओठांवर पिळावेत. ते ओढीत नसेल तर दर दोन-तीन तासांनी दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजावे. वरचे दूध एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावे. दिवसरात्रीत सहा लंगोट ओले झाले, वजन वाढले, की पोट भरते आहे असे समजावे. बाळ सुस्तावले तर तडक दवाखाना गाठावा.

त्या बाळंतिणीला तीन आठवडे लागले. एका पहाटे बाळ आपणहून बिलगले, आणि आजीने बाटली माळ्यावर टाकली.