पायगुण आणि पांडुरंग

नवी सून घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं असतं. उजव्या पायाने ती ते हलकेच लवंडते, तांदूळ आत सांडतात आणि लक्ष्मी घरात आली म्हणून सगळे कौतुकाने पाहतात. विधी देखणा आहे आणि त्यामागची भावनाही चांगली आहे. अडचण पुढे येते. दोन महिन्यांत सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका येतो, दिराची नोकरी जाते किंवा ऐन हंगामात बोअर कोरडी पडते, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, 'पायगुण, दुसरं काय!' त्याच घरात देव्हारा असतो, तिन्हीसांजेला दिवा लागतो आणि 'पांडुरंगाच्या मनात असेल तसं होईल' हे वाक्यही रोज उच्चारलं जातं. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात, म्हणून दोन्ही श्रद्धेचीच वाटतात. पण नशिबावरचा विश्वास आणि देवावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा घरावर होणारा परिणाम अगदी उलटा असतो. संकट आलं की नशीब मानणारं मन त्याचं खापर फोडायला माणूस शोधतं. देवावर भार टाकणाऱ्या मनाला असा माणूस लागत नाही. कुटुंबासाठी हा फरक फार मोलाचा आहे, कारण घरात खापर फोडायला जे डोकं सापडतं ते नेहमी सगळ्यात दुबळ्या माणसाचं असतं.

आधी नशीब म्हणजे काय ते पाहू. जगात योगायोग असतात, हे कुणीही नाकारणार नाही. पाऊस लांबतो, एसटी चुकते, ज्या दिवशी परीक्षा त्याच दिवशी ताप भरतो. योगायोग कुणाचा नसतो, तो फक्त घडतो. नशीब मात्र कुणाचं तरी असतं. 'त्याचं नशीब जोरावर आहे', 'ही पांढऱ्या पायाची आहे' असं म्हणताना आपण घडलेला योगायोग उचलून एखाद्या माणसाच्या अंगाला चिकटवतो. हे चिकटवणं कसं होतं, ते बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगातून दाखवलं. भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी सोय त्याने केली. कबुतराने काहीही केलं किंवा काहीच केलं नाही तरी दाणे त्याच वेळी येणार होते. तरीही आठपैकी सहा कबुतरांना विशिष्ट सवयी जडल्या. एक गोल गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसू लागलं. पहिल्यांदा दाणे आले तेव्हा ते जे करत होतं, त्यानेच दाणे आले असा जणू त्याचा समज झाला. सून आल्यावर दुभती म्हैस दगावली, म्हणून सुनेमुळे दगावली, हा हिशेब त्या कबुतराच्या हिशेबाहून निराळा नाही.

कुणी म्हणेल, पायगुण ही अडाणी समजूत आहे, पण पत्रिका हे शास्त्र आहे. या दाव्याची महाराष्ट्रातच पद्धतशीर तपासणी झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या. त्यातली शंभर मुलं अभ्यासात हुशार होती आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन एवढंच विचारलं की यातली कोणती पत्रिका कोणत्या गटातली. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांची बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के निघाली. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मुलाची बुद्धी ही आयुष्यातली केवढी ठळक गोष्ट! ती ज्या कागदावर दिसत नाही, त्या कागदावर सुनेमुळे सासऱ्याला होणारा त्रास किंवा मंगळामुळे नवऱ्याला असलेला धोका दिसतो, हे कशाच्या आधारावर मानायचं? तरीही चांगली जुळलेली स्थळं याच कागदापायी मोडतात आणि मोडलेल्या स्थळाचा डाग मुलीच्या नावावर राहतो.

नशिबाच्या कल्पनेतला सगळ्यात कठोर भाग हाच आहे. ती चांगल्या दिवसांत घरभर विरघळून जाते आणि वाईट दिवसांत एका माणसावर येऊन थांबते. धंदा वाढला तर तो मुलाच्या कर्तबगारीने वाढला, बुडाला तर सुनेच्या पायाने बुडाला. साताऱ्याकडे मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव 'नकोशी' ठेवण्याची रीत होती. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. म्हणजे अजून जन्मालाही न आलेल्या भावाचं नशीब उघडावं म्हणून एका तान्ह्या मुलीने जन्मभर 'नको' या शब्दाला ओ द्यायची. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं समारंभपूर्वक नवं नामकरण झालं. तीच गोष्ट विधवेची. नवरा गेला की तिला अपशकुनी ठरवून कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि पोटच्या मुलाच्या लग्नातही तिने मागे उभं राहायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा गावात बंद केली आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. सून, नकोशी आणि विधवा या तिघींचा अपराध एकच, कुणाचं तरी दुर्दैव घडलं तेव्हा त्या जवळ होत्या.

आता देवावरचा विश्वास काय म्हणतो ते पाहू, आणि तो आपल्याच मातीतल्या संतांच्या आयुष्यात पाहू. चोखामेळा विठ्ठलाचा लाडका भक्त. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली तो गेला. हे १३३८ सालचं मानतात. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या अशी परंपरा आहे, आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी त्याची समाधी आजही आहे. नशिबाच्या गणिताने पाहिलं तर चोखामेळा कमनशिबी ठरतो आणि त्याची भक्ती फुकट. वारकऱ्यांनी तसं कधीच म्हटलं नाही. तुकोबांचंही तेच. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, दिवाळं निघालं, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. या घराण्यात विठ्ठलाची उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. विठ्ठल संकट टाळण्याचा ताईत असता, तर हे घर त्याला तिथेच सोडून गेलं असतं. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. तिथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. देव आला म्हणून जातं थांबत नाही, दळण कमी होत नाही, दासीची राणीही होत नाही. जात्याच्या खुंट्याला आणखी एक हात लागतो, एवढंच. संतांचा देव आयुष्यात कमी पीठ दळावं लागेल असं वचन देत नाही. दळताना तू एकटी नाहीस, एवढंच तो सांगतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, प्रत्यक्षात लोक देवाकडे नशिबासारखंच पाहतात. नवस बोलतात, काम झालं तर नारळ, तोरण, पेढे. नाही झालं तर दुसरा देव. हे खरं आहे, आणि ते कबूल केलंच पाहिजे. पण त्याने एवढंच दिसतं की नशिबाची वृत्ती देवळातही शिरते. नवसात देव हा सौद्यातला दुसरा पक्ष असतो आणि ज्याचा नवस फळत नाही त्याच्यात काहीतरी खोट असणार, हा निष्कर्ष पुन्हा तयारच असतो. मूल न होणाऱ्या बाईला हे कुणी वेगळं सांगायला नको. म्हणूनच नवस बोलून संतती मागणाऱ्यांना तुकोबांनी इतकं स्पष्ट सुनावलं. खऱ्या प्रार्थनेत अट नसते. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'देवा, बरं कर' म्हणणं ही प्रार्थना आहे, आणि तो बरा झाला नाही तरी दुसऱ्या दिवशी दिवा लावता येणं हा त्या प्रार्थनेचा खरेपणा.

दुसरा आक्षेप जुना आहे, की देवावर हवाला ठेवणारा माणूस आळशी होतो. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे आहे, पण ती अशा माणसाच्या आळसावर बोट ठेवण्यासाठी वापरतात, हे विसरू नये. सावता माळ्याने अरणच्या मळ्यातलं काम सोडून पंढरीची वाट धरली नाही. त्याला भाजीच्या वाफ्यातच देव भेटला. गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कामाच्या सिद्धीची पाच कारणं मोजतो. स्थान, कर्ता, साधनं आणि तऱ्हेतऱ्हेचे प्रयत्न झाल्यावर दैवाचा क्रमांक पाचवा आणि शेवटचा येतो. पहिली चार माणसाच्या वाट्याची. आषाढीच्या वारीला निघणारा शेतकरीही पाऊस वेळेवर झाला तर पेरणी उरकूनच निघतो. उलट नशिबावर विसंबणारा माणूसच हातचं सोडतो. साप चावला तर दवाखाना सोडून मांत्रिकाकडे धावणं हे त्याचं टोक, आणि त्यात जीव जातात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं हा गुन्हा ठरवला आहे. त्याच कायद्याने यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना मात्र हात लावलेला नाही. भीतीवर चालणारी प्रथा वेगळी आणि भक्ती वेगळी, ही रेघ कायद्यालाही ओढता आली. ती घरात ओढणं आपल्याला जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप सौम्य आहे. मुहूर्त पाहिला, लिंबू-मिरची टांगली, तर बिघडलं काय? मनाला बरं वाटतं. मुहूर्त काढून लग्न करण्यात खरोखरच काही बिघडत नाही. पाहुण्यांना एक दिवस लागतोच, तो पंचांगातून निघाला तर निघू दे. पण मुहूर्त चुकला म्हणून संसार मोडला, असं जेव्हा दहा वर्षांनी म्हटलं जातं, तेव्हा नवऱ्याच्या दारूचं काय करायचं हा प्रश्न विचारायचा राहून जातो. नशिबाचं स्पष्टीकरण बिनखर्चाचं वाटतं, पण त्याची किंमत ही अशी असते. ते खऱ्या कारणाची जागा बळकावून बसतं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना शाळेचा गंध नव्हता, तरुणपणीच वैधव्य आलं, पदरी मुलं आणि शेती. देवावर त्यांची अपार श्रद्धा. पण दारी आलेल्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणारी कविता त्यांनीच रचली. देव मानणं आणि हात दाखवायला नकार देणं यांत त्यांना विसंगती वाटली नाही, कारण ती नाहीच.

शेवटचा आक्षेप नास्तिकाचा. नशीब सोडायचं तर देव तरी कशाला? योगायोग म्हणा आणि मोकळे व्हा. हा आक्षेप प्रामाणिक आहे. जो माणूस देव न मानता सुनेला दोष देत नाही, मुलीला नकोशी म्हणत नाही, तो नवस करून पायगुण मानणाऱ्या भाविकापेक्षा चोखोबांच्या जास्त जवळ आहे, यात मला शंका नाही. पण बहुतेक घरांत दुःख आलं की माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. योगायोगाशी बोलता येत नाही. त्याच्यावर रागावता येत नाही, त्याच्यापुढे रडता येत नाही. संतांनी विठ्ठलाशी भांडण केलं, त्याला बोल लावले, आणि त्यामुळे तो बोल शेजारच्या माणसाला लागला नाही. घरातला राग आणि शोक सुनेवर न सांडता देव्हाऱ्यापुढे सांडता येतो, हे देवाचं कुटुंबाला केवढं मोठं देणं आहे!

म्हणून एक साधी कसोटी घरोघर लावता येईल. काही वाईट घडलं की मनात येणारं वाक्य तपासायचं. त्या वाक्यात घरातल्या कुणाचं नाव आहे का? असेल तर ते नशिबाचं वाक्य आहे, मग ते देवाचं नाव घेऊन म्हटलेलं का असेना. सासऱ्यांना झटका आला तर त्यांचा रक्तदाब किती होता, गोळ्या वेळेवर घेत होते का, हे डॉक्टरांना विचारायचं. औषधपाणी, धावपळ, पैशांची जुळवाजुळव हे आपल्या वाट्याचं सगळं करायचं. आणि त्यानंतर जे कुणाच्याच हातात नाही ते पांडुरंगावर सोपवायचं. ते सोपवताना दिव्यापुढे जोडलेल्या हातांत नव्या सुनेचेही हात असावेत, इतरांच्या बरोबरीने, मान वर करून. उंबऱ्यावर तिने माप लवंडलं तेव्हा ती या घराचं नशीब म्हणून आत आली नव्हती. घरातलं एक माणूस म्हणून आली होती.