पेटीचा स्क्रू आणि झुलूंची फौज

दक्षिण आफ्रिकेतल्या इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याशी २२ जानेवारी १८७९ रोजी सुमारे २०,००० झुलू योद्ध्यांनी इंग्रजांची छावणी धुळीला मिळवली. छावणीत साधारण १,७०० माणसे होती. त्यांपैकी १,३०० हून अधिक त्या दुपारी मारली गेली. ब्रिटिश लष्करी इतिहासकार इयन नाइट यांनी या एका युद्धाचा अनेक वर्षे पिच्छा पुरवला. ‘ब्रेव्ह मेन्स ब्लड’ (१९९०), ‘द ॲनॅटमी ऑफ द झुलू आर्मी’ (१९९५) आणि ‘झुलू रायझिंग’ (२०१०) ही त्यांची या विषयावरची ठळक पुस्तके. जुन्या इंग्रजी वर्णनांत झुलू म्हणजे अंगावर चाल करून येणारी एक काळी लाट असे. नाइट यांच्या पुस्तकांत त्या लाटेतली माणसे वेगवेगळी दिसू लागतात, आणि हेच त्यांचे सर्वांत मोलाचे काम आहे.

हे युद्ध झुलूंवर लादले गेले होते. लादणारा अधिकारी महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे सर बार्टल फ्रिअर. एके काळी साताऱ्याला रेसिडेंट असलेला फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. साताऱ्याचे राज्य खालसा करण्याला त्याने विरोध केला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत नेमणूक झाल्यावर त्याच फ्रिअरने डिसेंबर १८७८ मध्ये झुलू राजा सेत्श्वायो याच्याकडे अटींचा खलिता धाडला. आपली लष्करी व्यवस्था मोडून टाकावी, अशी त्यात एक अट होती. कोणताही राजा ही अट मान्य करणे शक्य नव्हते. लंडनच्या सरकारला त्या वेळी हे युद्ध नको होते, तरीही ११ जानेवारीला लॉर्ड चेम्सफर्डची फौज सरहद्द ओलांडून आत शिरली.

झुलूंची फौज पगारी नव्हती. एका वयाची मुले एका पलटणीत भरती होत आणि राजाने लग्नाची परवानगी देईपर्यंत त्यांच्यावर त्याच्या चाकरीचा मोठा भार असे. ढाली राजाच्या गुरांच्या कातड्याच्या आणि त्यांची मालकीही राजाचीच. तरुण पलटणींच्या ढाली गडद रंगाच्या, तर जुन्याजाणत्या पलटणींच्या पांढरट असत. हल्ल्याची रचना बैलाच्या अंगावरून घेतलेली होती. समोरून भिडणारी ती छाती, दोन्ही अंगांनी वेढा घालणारी ती शिंगे आणि मागे राखीव ठेवलेली ती कंबर. एवढ्या माणसांनी डोंगराळ मुलखात पायी धावत असा वेढा जमवायचा, तर त्यामागे शिस्त आणि सराव दोन्ही लागतात. नाइट यांनी हा सगळा सांगाडा बारकाईने उलगडून दाखवला आहे.

लढाईचा दिवस अमावास्येचा होता. अशा दिवशी लढणे झुलूंना अशुभ वाटे, म्हणून त्यांची फौज एका दरीत दबून बसली होती. इंग्रजांचे घोडेस्वार टेहळणी करत नेमके त्या दरीच्या काठावर आले आणि मग थांबणे शक्यच राहिले नाही. दुपारी सूर्याला खंडग्रास ग्रहणही लागले.

पराभवाचे एक कारण पुढे लोकांच्या तोंडी बसले. काडतुसांच्या पेट्यांची झाकणे स्क्रूंनी घट्ट आवळलेली होती, ती वेळेवर उघडली नाहीत, म्हणून गोळीबार थंडावला, असे ते कारण. डोनाल्ड मॉरिस यांच्या ‘द वॉशिंग ऑफ द स्पीअर्स’ (१९६५) या गाजलेल्या पुस्तकाने ही समजूत दूरवर पोचवली. नाइट आणि त्यांच्या पिढीतल्या इतर अभ्यासकांनी मुळात ती पेटीच तपासली. लाकडी पेटीत दहा-दहाच्या पुडक्यांत ६०० काडतुसे मावत. पेटीच्या दोन्ही टोकांना तांब्याचे पट्टे बरेच स्क्रू मारून बसवलेले असत, पण ते काढायची गरजच नव्हती. मधोमध एक सरकते झाकण होते आणि ते एकाच पितळी स्क्रूने अडकवलेले असे. घाईच्या वेळी बंदुकीच्या दस्त्याचा एक सणसणीत ठोका त्याला पुरेसा होता. ठोक्याने वाकलेले असे स्क्रू रणांगणावर सापडलेही आहेत. २००० साली तिथे पुरातत्त्वीय पाहणी झाली, तीत नाइट यांचाही सहभाग होता.

मग छावणी पडली कशाने? चेम्सफर्ड पहाटेच निम्मी फौज घेऊन बाहेर पडला होता. छावणीभोवती गाड्यांचा कोट नव्हता. गोळीबाराची फळी तंबूंपासून फार पुढे आणि फार पातळ पसरली होती. उजव्या टोकाला कर्नल डर्नफर्डची माणसे आपल्या गाड्यांपासून लांब पडली होती. त्यांची काडतुसे मात्र खरोखर संपत आली आणि ती मागे हटताच बाजू उघडी पडली. तोवर झुलूंचे उजवे शिंग डोंगराला वळसा घालून पाठीमागे येऊन ठेपले होते. स्क्रूच्या कहाणीत इंग्रज आपल्याच चुकीने हरतात. नाइट यांच्या मांडणीत चुका आहेतच, पण झुलू आपल्या हिमतीवर आणि डावपेचांवर जिंकतात.

मेलेल्या शत्रूचे पोट फाडण्याची झुलूंची रीत इंग्रज सैनिकांना निव्वळ रानटीपणाची वाटली. झुलूंच्या दृष्टीने तो मृताचा आत्मा मोकळा करण्याचा विधी होता आणि तो टाळला तर मारणाऱ्यावरच संकट येई. अशा गोष्टी कळतात त्या झुलूंच्या स्वतःच्या जबान्यांतून. नाताळ वसाहतीतला अधिकारी जेम्स स्टुअर्ट याने १८९७ पासून म्हाताऱ्या झुलूंच्या आठवणी लिहून ठेवल्या. नाइट अशा साक्षी इंग्रजी कागदपत्रांच्या शेजारी ठेवून वाचतात.

दुसऱ्या बाजूच्या शिपायाकडेही ते त्याच आस्थेने पाहतात. ‘गो टू युअर गॉड लाइक अ सोल्जर’ (१९९६) हे त्यांचे पुस्तक १८३७ ते १९०२ या काळात साम्राज्यासाठी लढलेल्या ब्रिटिश सैनिकावर आहे. रोज एक शिलिंग पगार, त्यातूनही कपात आणि १८८१ पर्यंत फटक्यांची शिक्षा, असे त्या सैनिकाचे जगणे होते.

युद्धाचा शेवट ४ जुलैला उलुंडी येथे झाला. सेत्श्वायो कैद झाला आणि त्याच्या राज्याचे १३ तुकडे करण्यात आले. इसांडल्वानाच्या उतारावर इंग्रजांना जिथे पुरले तिथे पांढऱ्या रंगवलेल्या दगडांच्या राशी आजही आहेत. झुलू योद्ध्यांचे स्मारक तिथे उभे राहायला १९९९ साल उजाडले. पराक्रम गाजवलेला झुलू वीर गळ्यात जी माळ घालत असे, तिचाच आकार त्या स्मारकाला दिला आहे.