एचसीएचचे सूक्ष्मजैविक विघटन

एचसीएच (हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन) या चिवट कीटकनाशकाचे रेणू माती व पाण्यातील जीवाणूंकरवी मोडण्याच्या प्रक्रियेस एचसीएचचे सूक्ष्मजैविक विघटन म्हणतात. हे कीटकनाशक शेतकऱ्यांमध्ये ‘बीएचसी पावडर’ म्हणून परिचित होते.

व्यापारी एचसीएच हे अनेक समघटकांचे मिश्रण असते. कीटकनाशक गुण मुख्यतः गॅमा समघटकात (लिंडेन) असून त्याचे प्रमाण केवळ १० ते १५ टक्के भरते. परिणामी १ टन लिंडेनमागे ८ ते १२ टन इतर समघटक टाकाऊ म्हणून उरतात. लखनौजवळील उम्मरी येथे असा कचरा उघड्यावर टाकलेला आढळला. भारतात १९९७ मध्ये तांत्रिक एचसीएचवर बंदी आली. मातीत मुरलेला साठा मात्र कायम आहे.

विघटनाची क्रिया

जपानमधील स्फिंगोबियम जापोनिकम यूटी२६ व भारतातील स्फिंगोबियम इंडिकम बी९०ए हे जीवाणू एचसीएच वापरलेल्या शेतजमिनींतच सापडले. विसाव्या शतकाच्या मध्यात वापरात आलेल्या रसायनावर त्यांनी काही दशकांत मात करावी, ही उल्लेखनीय गोष्ट होय. त्यांच्यातील ‘लिन’ जनुकांलगत आयएस६१०० हा स्थलांतरक्षम डीएनए-खंड आढळतो; त्यामुळे ही जनुके जीवाणूंमध्ये पसरली असावीत, असे मानले जाते.

लिनए हे एंझाइम गॅमा समघटकातून हायड्रोजन व क्लोरीन यांची जोडी काढून टाकते. त्यासाठी हे दोन अणू वलयाच्या विरुद्ध बाजूंना, वलयाशी काटकोनात असावे लागतात. बीटा समघटकातील सहाही क्लोरीन अणू वलयाच्या कडेला बाहेर वळलेले असल्याने तेथे लिनएचे काही चालत नाही. लिनबी त्यावर क्रिया करते, परंतु ती बहुधा अर्धवट राहून क्लोरीनयुक्त अल्कोहोले साचतात. म्हणूनच बीटा समघटक सर्वांत दीर्घकाळ टिकतो.

विघटनाचा वेग वाढविणे

मातीला हवा, ओलावा व पोषकद्रव्ये पुरवून मूळचे जीवाणू वाढविता येतात किंवा बाहेरून जीवाणू सोडता येतात. प्रयोगशाळेतील जीवाणू शेतात फार काळ तगत नाहीत, ही दुसऱ्या पद्धतीतील खरी अडचण आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बी९०ए साखर कारखान्यातील मळीवर वाढवून, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळून मातीत घालण्यात आला. समघटकानुसार ८५ ते ९५ टक्के एचसीएच नष्ट झाले. ८ दिवसांनंतर जास्तीत जास्त २० टक्के जीवाणू जिवंत होते.

भूजलासारख्या ऑक्सिजनविरहित ठिकाणी वेगळे जीवाणू एचसीएचमधील क्लोरीन काढतात. तेथे बेंझीन व क्लोरोबेंझीन तयार होतात. ही द्रव्ये पाण्यात मूळ रसायनापेक्षा अधिक विरघळतात व दूरवर वाहून जातात; त्यामुळे पुढील टप्प्यात ऑक्सिजन पुरवून त्यांचेही विघटन घडवावे लागते.