चिमूटभर लोहाचा बहर

अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात नायट्रेट भरपूर, फॉस्फेट भरपूर, उन्हाळ्यात दिवसही लांबच लांब. तरी मैलोगणती पाणी नुसतं निळंशार, जवळजवळ उजाड! तिथे उणीव आहे ती लोहाची. जमिनीवरची लोहयुक्त धूळ तिथवर फारशी पोचत नाही, आणि लोहाशिवाय वनस्पतिप्लवकांना हरितद्रव्य घडवणं जड जातं. डोळ्यांना न दिसणारे हे जीव पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण करतात. आणि त्यांचं अडतं कशावर, तर चिमूटभर लोहावर!

मग लोह घालूनच पाहिलं तर? जानेवारी २००९मध्ये दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांची संयुक्त मोहीम ‘पोलारस्टर्न’ जहाजातून केपटाउनहून निघाली. नेतृत्व वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांचं. लोह इकडेतिकडे पांगू नये म्हणून त्यांनी समुद्रातला एक संथ फिरणारा भोवरा निवडला आणि त्यातल्या ३०० चौरस किलोमीटर पाण्यात, म्हणजे निम्म्या मुंबईएवढ्या भागात, हिराकस हा लोहाचा क्षार विरघळवून सोडला.

लोहामुळे येणारा प्लवकांचा बहर मोजायची रीत मला फार आवडते. पाणी गाळायचं, गाळणकागदावर उरलेलं हरितद्रव्य द्रावकात उतरवायचं आणि त्यावर निळा प्रकाश टाकायचा. ते लाल चमकतं! जेवढी चमक, तेवढं हरितद्रव्य.

दोन आठवड्यांत प्लवकांचं वस्तुमान दुप्पट झालं, आणि तिथेच थांबलं. कोपेपॉड नावाच्या इवल्या कवचधारी प्राण्यांनी त्यांचा फडशा पाडायला सुरुवात केली होती. त्या कोपेपॉडांना थेमिस्टो नावाचे त्यांच्याहून मोठे कवचधारी खात होते. पण डायटम कुठे होते? हे एकपेशीय वनस्पतिप्लवक स्वतःभोवती काचेची, म्हणजे सिलिकाची, नक्षीदार पेटी बांधतात. ही पेटी त्यांची खाणाऱ्यांपासून राखण करते, आणि ते मेल्यावर आपल्या वजनाने तळाकडे जाते. या पाण्यातलं सिलिका आधीच्या बहरांनी संपवलेलं होतं. त्यामुळे डायटम वाढले नाहीत आणि प्लवकांनी शोषलेला कार्बन खोलवर फारसा गेलाच नाही. याउलट २००४च्या अशाच एका लोह-प्रयोगात डायटमांचा बहर आला होता, आणि त्यातला निम्म्याहून अधिक १००० मीटरखाली बुडाला होता.

समुद्रात लोह ओतून हवामान सावरू म्हणणाऱ्यांनी आधी या प्रयोगाचे निष्कर्ष वाचावेत. लोहाने बहर येतो, पण त्यातला कार्बन तळाशी जाईलच याची हमी लोह देत नाही.