फासे आणि गोष्टी – भाग ७ : एबोशीला खलनायक करू नका

टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात गेम मास्टर काय करतो, हे मागच्या भागात आलं. जग तो उभं करतो, त्यातल्या माणसांच्या तोंडून बोलतो. आपल्या पात्राने काय करायचं, ते मात्र खेळाडू ठरवतो. आता ते जग आणायचं कुठून? बहुतेक जण आवडत्या सिनेमाकडे वळतात आणि त्यातले राक्षस, शस्त्रं, नाहीतर अख्खं कथानकच उचलतात. माझ्या मते उचलायची गोष्ट वेगळीच असते. ती दाखवायला हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’इतका चांगला सिनेमा मला दुसरा माहीत नाही.

काळ जपानच्या मुरोमाची राजवटीचा. एमिशी जमातीच्या एका दूरच्या गावावर पिसाळलेला रानडुकरांचा देव चालून येतो. तरुण अशिताका त्याला मारतो, पण त्याचा शाप अशिताकाच्या उजव्या हातावर उमटतो. देवाच्या शरीरात लोखंडाची गोळी सापडते. ती आली कुठून, हे शोधायला अशिताका केस कापून गाव कायमचं सोडतो आणि पश्चिमेला तातारा या लोखंडाच्या भट्टीच्या वस्तीवर पोहोचतो.

ही वस्ती नीट पाहा, कारण गेम मास्टरला हवं ते सगळं इथे आहे. लोखंड काढायचं तर लोहयुक्त वाळू हवी, ती वितळवायला कोळसा हवा आणि कोळशासाठी झाडं तोडायला हवीत. वस्तीची मालकीण एबोशी जंगल तोडते ते एवढ्यासाठी. जिने झाडलेल्या गोळीने तो देव पिसाळला, ती हीच. पण वेश्यागृहांतून बायकांना सोडवून तिने भात्यावर मानाचं काम दिलंय. ज्यांना कुणी शिवत नाही, त्या कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतः धुते. तिच्या बंदुका तेच घडवतात. (टोकियोतल्या तामा झेनशोएन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत मियाझाकी जाऊन आले होते. सिनेमातले हे कुष्ठरोगी इतके खरे का वाटतात, हे त्यावरून कळतं.) दुसरीकडे जंगल हे लांडगी-देवता मोरोचं आणि तिने वाढवलेल्या सानचं घर आहे. सरदार असानोला लोखंडात वाटा हवाय. सम्राटाला अमर व्हायचंय, म्हणून जिगो नावाचा भिक्षू वनदेव शिशिगामीचं डोकं मिळवायला निघालाय.

या यादीतल्या जवळजवळ प्रत्येकाची गरज आपल्याला पटते, आणि त्या सगळ्या गरजा एकाच डोंगरावर येऊन आदळतात. उचलायचं ते हे. खेळाची तयारी करताना प्रत्येक पक्षासाठी दोनच ओळी लिहा: त्याला काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर कुणाचं काय तुटेल? दुसरी ओळ सुचत नसेल, तर तो पक्ष अजून कच्चा आहे.

कथानक आधी ठरवू नका, हे व्हिन्सेंट आणि मेगुए बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळाने गेम मास्टरला अगदी स्पष्ट सांगितलं. त्याऐवजी त्यात घड्याळं येतात, आणि जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने ती आणखी लोकप्रिय केली. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे. खेळाडू दुसरीकडे गुंतले किंवा फासा उलटा पडला, की एक भाग रंगवायचा. वर्तुळ भरलं की ते संकट प्रत्यक्ष घडतं. सिनेमाच्या उत्तरार्धात अशी दोन घड्याळं एकदम चालू आहेत: एबोशी शिशिगामीच्या मागे जंगलात, आणि तेवढ्यात असानोचे सामुराई वस्तीवर. अशिताका एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाही. तुमच्या खेळाडूंनाही असंच पेचात पकडा.

आता शाप. तो हात अशिताकाला अचाट बळ देतो. त्याच्या बाणाने सामुराईचे दोन्ही हात तुटतात. दहा माणसांनी उघडायचा दरवाजा तो एकटा ढकलतो. पण शाप त्याला आतून खातही असतो. याचा नियम सहज बनतो. खेळाडूच्या कागदावर सहा चौकटी काढा. एक चौकट काळी केली की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येईल. सहावी चौकट काळी झाली, की पात्र गेम मास्टरच्या हाती गेलं. चौकट केव्हा भरायची, हे नेहमी खेळाडूने ठरवावं. शाप गेम मास्टरने लादला तर ती शिक्षा होते; खेळाडूने स्वतः मागून घेतला, तर टेबलावर सगळे श्वास रोखून बसतात.

आणखी एक गोष्ट फार कमी खेळांत दिसते. सान आणि एबोशी शस्त्रं उपसून भिडतात, तेव्हा अशिताका कुणाचीच बाजू घेत नाही. तो दोघींना बेशुद्ध करतो, सानला खांद्यावर घेतो, आणि निघताना मागून गोळी झेलतो. पुष्कळ खेळांत शत्रूला मारलं की गुण मिळतात, म्हणून खेळाडू मारतच सुटतात. लढाई थांबवण्यालाही तेवढेच गुण ठेवा, आणि थांबवणाऱ्याला त्याची किंमत मोजायला लावा.

मात्र सान, मोरो, शिशिगामी यांना टेबलावर आणू नका. ज्यांनी सिनेमा पाहिलाय ते शेवट आठवून खेळतील. गरजांची साखळी तेवढी ठेवा, कड्या बदला. लोखंडाऐवजी मीठ घ्या. मिठागरासाठी खाडीला बांध घालावा लागतो. बांधाने तिवरांचं पाणी तुटतं, तिवरं मेली की मासळीची पिल्लं वाढत नाहीत, आणि कोळीवाड्याच्या चुली विझतात. खाडीची राखण एक म्हातारी मगर करते. मिठागर चालवणाऱ्या बाईने दुष्काळात गाव सोडून आलेल्या दोनशे माणसांना आसरा दिलाय. राजाच्या फौजेला खारवलेली मासळी पावसाळ्याआधी हवीय. यात दोन घड्याळं कुठली, ते तुम्हाला आताच दिसत असेल. बांध फुटतो की टिकतो, हे मात्र लिहून ठेवू नका.

पुढच्या भागात फाशांचं गणित: वीस बाजूंचा एक फासा आणि सहा बाजूंचे दोन, यांनी खेळाडूची हिंमत कशी बदलते.